हाडांचा ढीग आणि गव्हाची कोठारे

कॅनडाच्या पश्चिमेकडील सस्कॅचेवान प्रांताच्या राजधानीचे नाव रिजायना. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ राणी. १८८२ साली व्हिक्टोरिया राणीच्या मानार्थ हे बारसे झाले. त्याआधी ती जागा बिननावाची होती असे मात्र नाही. तिथले क्री लोक आपल्या बोलीत त्या ओढ्याकाठाला 'हाडांचा ढीग' म्हणत. बायसन हा तिथला प्रचंड रानबैल. त्याची शिकार करून, मांस सुकवून, कातडी कमावून झाली की उरलेली हाडे ते लोक तेथे रचून ठेवीत. हाडे अशी मानाने ठेवली म्हणजे कळप त्याच वाटेने पुन्हा येतात, अशी त्यांची श्रद्धा होती असे सांगतात. नव्या राज्यकर्त्यांना राजधानीसाठी हे नाव शोभले नसावे. पण इतिहासाची आवड असणाऱ्याला जुने नावच अधिक बोलके वाटेल, आणि आजची हकिगत मी त्या ढिगापासूनच सुरू करतो.

१८८० च्या सुमारास कॅनडाच्या माळावरून बायसन जवळजवळ नाहीसा झाला. बंदुका आणि कातड्यांचा व्यापार यांनी त्याचा घास घेतला. त्याच्यावर जगणाऱ्या क्री, ब्लॅकफूट, असिनिबॉइन या लोकांवर उपासमारीची पाळी आली. मागे राहिली ती उन्हापावसात पांढरी पडलेली हाडे. तेवढ्यात रेल्वे आली, आणि मग त्या हाडांनाही भाव आला. मूळचे रहिवासी, मिश्र वंशाचे मेती लोक, नव्याने जमीन घेऊन आलेले शेतकरी, सगळ्यांनी ती वेचली, गाड्या भरून स्टेशनावर नेली आणि तेथून ती वाघिणींतून रवाना झाली. त्यांचे खत झाले. त्यांच्या कोळशाने साखर शुभ्र केली गेली. त्या माळाने रेल्वेच्या हवाली केलेल्या पहिल्या मोठ्या मालांपैकी एक म्हणजे ही हाडे. गहू त्यानंतरचा.

पुढे त्याच रिजायनात सस्कॅचेवान व्हीट पूल या शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेची मुख्य कचेरी थाटली गेली. पूल हा शब्द वाचून वाचकांनी नदीवरचा पूल डोळ्यांपुढे आणू नये. सगळ्यांचा गहू एकत्र करून विकायचा आणि आलेला पैसा ज्याच्या त्याच्या मालाप्रमाणे वाटायचा, या व्यवस्थेला तिकडे पूल म्हणतात. हाडांच्या ढिगापासून गव्हाच्या राशीपर्यंतचा हा प्रवास उण्यापुऱ्या चार दशकांचा. त्याचा वृत्तांत दोन ठिकाणी जपलेला आहे, दप्तरखान्यात आणि जमिनीत. दप्तर वाचणारे आणि जमीन उकरणारे विद्वान सहसा एकमेकांच्या वाटेला जात नाहीत. मला मात्र या दोन्ही पोथ्या शेजारी शेजारी ठेवून वाचण्यात फार गोडी वाटते, कारण एकीत गळालेली पाने पुष्कळदा दुसरीत सापडतात.

फराळाच्या ताटावर बसून इतक्या दूरच्या माळाची चौकशी कशाला, असे कोणी विचारील. तर त्या माळाचे आणि आपले नाते पोटाचे आहे. १९५० च्या दशकात कोलंबो योजनेखाली कॅनडाचा गहू भारतात आला. त्याच्या विक्रीतून उभा राहिलेला रुपया मयूराक्षी नदीवरच्या मसानजोर धरणाला लागला. १९५५ साली पुरे झालेले हे धरण आज झारखंडात आहे, आणि लोक त्याला कॅनडा धरणच म्हणतात. गेल्या काही दशकांत परदेशातून आपल्याकडे आलेल्या मसुरीचाही मोठा वाटा याच सस्कॅचेवानचा आहे. तेव्हा आमटीच्या वाटीपुरती तरी ही ओळख आपण मान्य करू.

आता मूळ कथेकडे. १८७२ च्या कायद्याने कॅनडा सरकारने माळावरची १६० एकर जमीन अवघ्या दहा डॉलर फीमध्ये देऊ केली. अट एवढीच, की तेथे राहायचे, घर बांधायचे आणि जमीन नांगराखाली आणायची. १८८५ साली रेल्वेचा रूळ समुद्रापासून समुद्रापर्यंत जुळला आणि युरोपातून, पूर्व कॅनडातून, अमेरिकेतून कुटुंबेच्या कुटुंबे लोटली. जमीन काळीभोर, गहू उत्तम. पण पिकवणे एक आणि विकणे एक, हे आपल्या शेतकऱ्याला नव्याने सांगायला नको.

माळावर दर सात-दहा मैलांवर स्टेशन होते, आणि स्टेशनाशेजारी एलिव्हेटर नावाचे लाकडी उभे कोठार. सपाट मुलुखात सत्तर-ऐंशी फूट उंचीचे हे कोठार आपल्याकडच्या देवळाच्या शिखरासारखे कोसावरून दिसे. शेतकऱ्याने गाडी आत हाकायची, वजन करायचे, गहू खालच्या खड्ड्यात ओतायचा. मग डबे लावलेला फिरता पट्टा तो वर चढवून निरनिराळ्या कप्प्यांत टाकी, आणि सवडीने खाली उभ्या वाघिणीत सोडी. यंत्र सुरेख, पण काटा कोणाच्या हाती? कोठार कंपनीचे, प्रत ठरवणारा कंपनीचा, कचऱ्याबद्दल किती वजन कापायचे हेही तोच सांगणार. आपल्या बाजारातली कट्टी आणि अडत ज्यांना ठाऊक आहे, त्यांना त्या शेतकऱ्याचा चेहरा डोळ्यांपुढे आणायला नकाशा लागणार नाही. भाव नको असेल तर गाडी परत फिरवायची, पण घर पाच-सहा मैल दूर, थंडी हाडे गोठवणारी आणि सावकाराचा हप्ता दाराशी.

१९०१ साली अमाप पीक आले आणि रेल्वेला ते उचलता येईना. १९०० च्या कायद्याने शेतकऱ्याला कोठार टाळून थेट वाघिणीत माल भरण्याचा हक्क दिला होता, पण वाघिणी आधी मिळत त्या कोठारवाल्यांना. त्या वर्षाच्या डिसेंबरात इंडियन हेड या गावी शेतकरी जमले आणि त्यांनी धान्य उत्पादकांचा संघ काढला. विल्यम मदरवेल हे त्याचे अध्यक्ष. पुढच्याच वर्षी संघाने सिंटालुटा येथील रेल्वेच्या एजंटावर फिर्याद केली. वाघिणी नोंदवहीतल्या क्रमाने दिल्या पाहिजेत, एवढेच त्यांचे म्हणणे. एजंटाला दंड झाला आणि तो निकाल वरच्या न्यायालयातही टिकला. एका साध्या नोंदवहीपुढे एवढी बलाढ्य रेल्वे वाकली. माळावरच्या सहकाराचा पाया मला या निकालात दिसतो. रांगेत पहिला आलेला पहिला, मग तो लहान असो की मोठा.

याच सिंटालुटात एडवर्ड पार्ट्रिज नावाचा शेतकरी राहत होता. १९०५ साली गावकऱ्यांनी त्याला विनिपेगच्या धान्य बाजारात पाठवले, तेथे काय चालते ते पाहून ये म्हणून. तो परत आला तो शेतकऱ्यांनी स्वतःची दलाली कंपनी काढावी हा विचार घेऊन. १९०६ साली ती निघाली. तिच्यात भाग कितीही असोत, मत एकालाच एक. नफा भागभांडवलावर न वाटता, ज्याने जितका गहू दिला त्या मानाने परत द्यावा, असा तिचा मनोदय होता. दलालीत सूट देणे बाजाराच्या नियमांत बसत नाही, असे म्हणून विनिपेगच्या बाजाराने कंपनीला बाहेर काढले. अखेर मॅनिटोबा सरकारने दम दिला तेव्हा, १९०७ साली, तिला पुन्हा आत घ्यावे लागले.

या चळवळीचे 'ग्रेन ग्रोअर्स गाइड' नावाचे नियतकालिक १९०८ पासून निघू लागले. त्याचे जुने अंक आता घरबसल्या पडद्यावर पाहता येतात. आर्च डेल या व्यंगचित्रकाराचे १९१५ सालचे एक चित्र फार प्रसिद्ध आहे. कॅनडाच्या नकाशावर एक भली थोरली गाय उभी आहे. तिचे तोंड पश्चिमेच्या माळावर, तेथे शेतकरी तिला चारा घालताहेत, आणि कास पूर्वेकडे, तेथे शहरातले धनिक दूध काढताहेत. मला तर हे चित्र पाहताना भाषांतराची गरजच वाटली नाही. याच गाइडमध्ये स्त्रियांसाठी स्वतंत्र पान होते. स्वयंपाकाच्या कृतींशेजारी तेथे मताधिकाराचे लेख येत. १६० एकरांची ती सरकारी जमीन विधवेखेरीज बाईला सहसा मिळत नसे, त्याविरुद्ध या पानाने मोहीम चालवली. व्हायलेट मॅकनॉटन यांच्यासारख्या बायांनी शेतकरी स्त्रियांचा संघ बांधला. १९१६ साली मॅनिटोबा, सस्कॅचेवान आणि आल्बर्टा या तिन्ही प्रांतांत स्त्रियांना मत मिळाले.

पहिल्या महायुद्धानंतर सरकारने एक वर्ष गव्हाची खरेदी आपल्या हाती घेतली होती. १९१९ च्या पिकाला बुशेलमागे, म्हणजे सुमारे २७ किलोंना, एकूण २ डॉलर ६३ सेंट पडले. सरकारने हात काढला आणि भाव कोसळला. तेव्हा शेतकऱ्यांनी ठरवले, की आता आपला गहू आपणच एकजुटीने विकायचा. १९२३ साली आल्बर्टात आणि १९२४ साली सस्कॅचेवान व मॅनिटोबात व्हीट पूल निघाले. सभासदाने पाच वर्षांचा करार करायचा आणि आपला सगळा गहू पूललाच द्यायचा. माल देताना पहिला हप्ता, विक्री होईल तसे पुढचे हप्ते. सस्कॅचेवानात निम्म्या गव्हाखालच्या जमिनीचे करार झाल्याशिवाय पूल सुरू करायचा नाही असे ठरले होते. पहिल्या वर्षी आकडा गाठला नाही. कार्यकर्ते पुन्हा घोडागाड्या जुंपून दारोदार फिरले आणि दुसऱ्या वर्षी त्यांनी तो गाठला.

पाच वर्षे सोन्याची गेली. मग १९२९ साल उजाडले. पूलने सभासदांना बुशेलमागे एक डॉलर पहिला हप्ता दिला, आणि बाजार त्याच्याही खाली गेला. १९३२ च्या डिसेंबरात तर भाव ४० सेंटांच्या आत आला. दिलेला पैसा सभासदांकडून परत मागायचा कसा? प्रांतिक सरकारे जामीन राहिली आणि पूलनी ते कर्ज पुढे वर्षानुवर्षे हप्त्याहप्त्याने फेडले. मात्र १९३१ साली तिघांची एकत्र विक्रीची व्यवस्था मोडली. त्याच वर्षी पार्ट्रिज वारला, आणि सस्कॅचेवान पूलचे पहिले अध्यक्ष अलेक्झांडर मॅकफेल हेही पन्नाशीच्या आत गेले. मॅकफेल यांची रोजनिशी हॅरॉल्ड इनिस या थोर अर्थशास्त्रज्ञाने १९४० साली संपादून प्रसिद्ध केली. सहकाराचा इतिहास ठरावांच्या पुस्तकातून वाचायचा खरा, पण त्यामागची झोपमोड रोजनिशीतच सापडते.

कागदाची पोथी आपण येथे क्षणभर मिटू, कारण याच सुमारास जमिनीची पोथी उघडली. १९३० च्या दशकात पाऊस रुसला. नांगरून भुसभुशीत केलेली माती वारा उचलून नेऊ लागला. भर दुपारी दिवे लावावे लागत, कुंपणे धुळीत बुडत. गहू गेला, माती गेली, आणि माती गेली तशी तिच्या पोटातली वस्ती उघडी पडली. वाऱ्याने खरवडलेल्या शेतांत बाणांची दगडी टोके, तासण्या, खापरे दिसू लागली. पीक नसलेले शेतकरी आणि त्यांची मुले ती वेचून सिगारच्या डब्यांत भरून ठेवू लागली. त्या प्रदेशाच्या पुरातत्त्वाला या हौशी संग्रहांचा मोठा आधार झाला. पुढे १९५४ साली बॉइड वेटलॉफर याने मूज जॉच्या पश्चिमेस मॉर्टलाक येथे थराथराने उत्खनन केले. तीन हजार वर्षांहून जुन्या वस्तीचे थर तेथे निघाले. या कोऱ्या माळावर आपणच पहिले, ही नव्या वसाहतीची समजूत तेथेच खोटी ठरली.

त्याहून मोठे दर्शन आल्बर्टातल्या एका कड्याचे आहे. त्याचे इंग्रजी नाव मराठीत सांगायचे तर 'डोके फुटले तो कडा' असे होईल. तेथे सुमारे सहा हजार वर्षे माणसांनी बायसनांचे कळप हाकून कड्यावरून खाली लोटले. कड्याच्या पायथ्याशी हाडांचे थर काही मीटर खोल आहेत. कड्याकडे येणाऱ्या वाटांवर मैलोगणती दगडांच्या लहान लहान राशी रचलेल्या आढळतात. कळपाला वळण देण्यासाठी त्या मांडल्या होत्या. १९८१ साली युनेस्कोने या जागेला जागतिक वारसा म्हणून मान दिला. मला त्या दगडांच्या राशी फार विचार करायला लावतात. एकट्या शिकाऱ्याचे हे काम नव्हे. कोणी वाऱ्याची दिशा पाहायची, कोणी वासराचे कातडे पांघरून कळपाला भुलवायचे, कोणी राशींमागे दबा धरायचा, आणि खाली बायकामाणसांनी मांस पट्ट्यापट्ट्यांनी सुकवायचे. सुके मांस, चरबी आणि रानबोरांसारखी फळे कुटून केलेली पेमिकन नावाची शिदोरी महिनेन् महिने टिके. त्या माळावर एकट्याचा निभाव लागत नाही, हे पार्ट्रिजच्या आधी सहा हजार वर्षे कोणीतरी ओळखले होते.

बरे, ते केवळ शिकारीच होते असेही नाही. विनिपेगच्या उत्तरेस रेड नदीकाठी लॉकपोर्ट येथे इ. स. १४०० च्या सुमारास मक्याची शेती होत असल्याचा पुरावा मिळाला. बायसनाच्या खांद्याच्या हाडाची केलेली कुदळ, मक्याचे जळके दाणे, आणि जमिनीत खणलेले खोल खड्डे, तोंडाशी अरुंद व तळाशी रुंद. मराठी वाचकाला त्याचे वर्णन करायला दुसरा शब्द कशाला हवा? ते पेव होते. लाकडी एलिव्हेटर उभे राहण्याच्या सुमारे पाचशे वर्षे आधी त्या मुलुखात धान्याचे पेव होते.

येथे दप्तराकडे पुन्हा वळले पाहिजे, कारण त्यातले एक पान मन खिन्न करते. कळप संपल्यावर क्री आणि असिनिबॉइन लोक करारांप्रमाणे मिळालेल्या राखीव जमिनींवर शेतीला लागले. पैकी एक राखीव जमीन त्या सिंटालुटाच्याच दक्षिणेस आहे. गावाचे नावदेखील डकोटा भाषेतले, अर्थ 'लाल शेपटी'. हे लोक चांगला गहू पिकवू लागले होते. पण १८८१ च्या दुरुस्तीने कायदा असा झाला, की त्यांना आपले धान्य सरकारी अंमलदाराच्या परवान्याशिवाय विकता येऊ नये. १८८९ पासून हेटर रीड या अधिकाऱ्याने आणखी एक धोरण आणले. त्यांनी यंत्रे वापरायची नाहीत, विळ्याने कापायचे, हाताने झोडायचे, प्रत्येकाने थोडक्या जमिनीवर आपल्यापुरते पिकवायचे. शेजारचा वसाहतवाला कापणीयंत्र चालवीत असताना ही सक्ती! सात-आठ वर्षांनी ते धोरण सुटले, पण परवाना राहिला. कायद्याच्या पुस्तकातून तो अधिकृतपणे निघाला तो २०१४ साली.

रांगेत पहिला आलेला पहिला, हे तत्त्व त्या गावच्या संघाने १९०२ साली जिंकले. पण ज्याला आपला गहू स्वतःच्या सहीने विकण्याची मुभाच नाही, तो त्या रांगेत उभा कसा राहणार? सहकाराचा गौरव मी उणा करू इच्छीत नाही. 'एकाला एक मत' ही त्या शेतकऱ्यांची कमाई लहान नव्हती. मात्र वहीत नाव आहे अशांचीच ती वही असते. ज्यांची नावे तिच्यात नाहीत त्यांच्यासाठी परवान्यांच्या सरकारी फायली पाहाव्या लागतात, आणि त्याही आधीच्या काळासाठी कुदळ हाती घ्यावी लागते.

समाधानाची गोष्ट अशी, की दोन्ही पोथ्या जपणारी माणसे तेथे निघाली. सस्कॅचेवानने १९४५ साली दप्तरखान्याचा कायदा केला. १९५० च्या दशकात त्या दप्तरखान्याने म्हाताऱ्या वसाहतवाल्यांना प्रश्नावल्या पाठवल्या. पहिली वर्षे काय खाल्लेत, शाळा कशी होती, आजार कसे काढलेत, करमणूक काय होती. पेशवे दप्तराच्या रुमालांत आपण जे शोधत बसतो, ते त्यांनी माणसे जिवंत असतानाच विचारून घेतले. कॅलगरीत ग्लेनबो संस्थेने तर आल्बर्टा पूलची कागदपत्रे सांभाळली आणि १९५७ साली रिचर्ड फॉर्बिस या पुरातत्त्वज्ञालाही नेमले. दप्तर आणि कुदळ एका छपराखाली नांदली. सस्काटूनजवळ वानुस्केविन येथील दरीत अर्नेस्ट वॉकर यांनी १९८० च्या दशकात जे काम आरंभले, त्यात क्री व इतर जमातींची वडीलधारी माणसे सल्लागार म्हणून होती. १९९२ साली ते स्थळ लोकांसाठी उघडले. २०१९ साली तेथे बायसन पुन्हा आणले गेले, आणि पुढल्याच वर्षी त्यांच्या खुरांनी माती उकरली जाऊन खाली कोरीव रेघांचा दगड उघडा पडला. वॉकर यांनी तो ओळखला. पुरातत्त्वखात्याला असा मजूर क्वचितच लाभत असेल.

पूलचे पुढे काय झाले? १९९६ साली सस्कॅचेवान पूलचे भाग शेअरबाजारात आले. आल्बर्टा आणि मॅनिटोबा यांचे पूल १९९८ साली एक झाले. २००७ साली ती सगळी मंडळी एका कंपनीत विलीन होऊन व्हिटेरा हे नाव आले, आणि सहकार हा शब्द गळाला. १९३० च्या दशकात पाच हजारांहून अधिक असलेली लाकडी कोठारे एकामागून एक पाडली गेली. मॅनिटोबात इंग्लिस येथे पाच कोठारांची एक रांग राष्ट्रीय स्मारक म्हणून राखली आहे. बाकी ठिकाणी रूळ उखडलेल्या वाटेशेजारी फक्त चौकोनी पाया उरला आहे.

हजार वर्षांनी कोणी ते पाये मोजले, तर ते सात-दहा मैलांवर का आहेत हे त्याच्या लवकरच ध्यानात येईल. धान्याची गाडी ओढणाऱ्या घोड्याने सकाळी निघून संध्याकाळी घरी परतावे, एवढे ते अंतर आहे. कड्याकडे जाणाऱ्या दगडांच्या राशी पाहून आपल्याला जसे माणसांचे एकत्र धावणे कळते, तसेच ते. पण त्या कोठारात कोणाचे मत मोजले गेले आणि कोणाला परवाना मागावा लागला, हे त्याला पायाचे दगड सांगणार नाहीत. त्यासाठी त्याला कागदच लागेल. म्हणून ज्या सभेचा वृत्तांत लिहिला गेला तो आपण फाडू नये, आणि ज्यांना सभेला बोलावलेच नाही त्यांचीही नोंद कोठेतरी करून ठेवावी.